‘ऑब्झर्व्हेशन बलून’ला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी: पहिल्या महायुद्धातल्या पश्चिम आघाडीवरचा मजकूर मराठीत करतेय. खंदकांच्या मागे तारदोराने बांधलेला हायड्रोजनचा लांबोडका फुगा, खाली वेताची टोपली, तीत बहुधा दोघे. शत्रूच्या तोफा कुठे, आपले गोळे कुठे पडताहेत, ते टेलिफोनवरून खाली कळवायचं. मी ‘निरीक्षण फुगा’ लिहिलं. संपादक म्हणतात, वाढदिवस आठवतो.

गोदातीर: टेहळणी फुगा. निरीक्षण शाळा तपासनीस करतात! टेहळणी बुरूज आहेच की आपल्याकडे.

भटक्या_६७: सरळ ‘बलून’ लिहा. सगळ्यांना कळतं.

गोदातीर: मग अनुवाद तरी कशाला? इंग्रजीच छापा.

राईनकाठ: इकडे जर्मनीत ‘ड्राखेनबलोन’ म्हणत, म्हणजे पतंग-फुगा. साधा गोल फुगा दोराला बांधला की वाऱ्यात गरगरतो, वारा वाढला की खाली दाबला जातो. पार्सेफाल आणि सिग्सफेल्ड यांनी १८९० च्या दशकात लांबट फुगा केला, तो पतंगासारखा वाऱ्यावर तोलून राहायचा. पुढे फ्रान्सच्या आल्बेर काको यांनी मागे तीन फुगीर पंख लावले, तो जास्त स्थिर. सैनिकांना या थोरवीशी काय, ते ‘सॉसेज’ म्हणायचे.

आंबोळी: पतंग-फुगा कशाला? वावडी म्हणा! आमच्याकडे मोठ्या पतंगाला वावडीच म्हणतात. वारा-वावडी, नातं उघड आहे.

शब्दवेडी: ‘शत्रूच्या वावड्या उठल्या’ लिहिलं तर वाचक अफवा समजेल हो.

गोदातीर: आणि वारा-वावडी ही व्युत्पत्ती कुठल्या कोशात आहे? उगाच ओढूनताणून.

आंबोळी: कोश लिहिणाऱ्यांनी वावडी उडवली असती तर असती.

भटक्या_६७: माझा आक्षेप ‘टोपली’ला. टोपलीत भाजी असते. हौदा म्हणा.

गोदातीर: अंबारी जास्त शोभेल.

भटक्या_६७: अहो, अंबारीला छत लागतं. उघडा तो हौदा.

गोदातीर: वर एवढा फुगा आहे, अजून कसलं छत हवं?

शब्दवेडी: गोदातीरकाका, माझ्या प्रसंगात विमान चाल करून येतं, पेटत्या गोळ्या झाडतं आणि निरीक्षक काठावरून उडी मारतो. ‘अंबारीतून उडी मारली’ वाचून हत्ती दिसेल.

राईनकाठ: उडीचं खरंच बघण्यासारखं आहे. पॅराशूट टोपलीच्या बाहेर पिशवीत टांगलेलं, माणसाच्या वजनानेच ते ओढलं जाऊन उघडायचं. ब्रिटिश वैमानिकांना मात्र युद्ध संपेपर्यंत पॅराशूट मिळालं नाही. अमेरिकेच्या फ्रँक ल्यूकने सप्टेंबर १९१८ मध्ये असे १४ फुगे पाडले. भोवती विमानवेधी तोफा असायच्या, म्हणजे काम सोपं नव्हतं.

भटक्या_६७: ‘पाडले’ की ‘फोडले’? फुगा फोडतात.

गोदातीर: हायड्रोजन होता ना? मग ‘जाळले’.

आंबोळी: वावडी असती तर ‘काटली’ म्हणता आलं असतं.

भटक्या_६७: काटतात पतंग. वावडीला मांजा कुठे असतो?

आंबोळी: आमच्याकडे सुतळी असते, पण काटाकाटी होते. येऊन बघा.