पहिल्या बायकोने त्या खोलीत काय पाहिलं?

रातकिडा: निळ्या दाढीवाल्याची गोष्ट आजच्या काळात आणणारी कादंबरी येतेय आणि मी दिवस मोजतेय. आठवत नसेल त्यांच्यासाठी: फ्रेंच लेखक शार्ल पेरोने १६९७ मध्ये छापलेली परीकथा (परी औषधालाही नाही). श्रीमंत नवरा बायकोच्या हाती किल्ल्यांचा जुडगा देऊन प्रवासाला निघतो. एक छोटी खोली तेवढी उघडू नकोस म्हणतो. ती उघडते. आत आधीच्या बायकांची प्रेतं. किल्ली रक्तात पडते. डाग एका बाजूने घासला की दुसऱ्या बाजूला उमटतो.

मला एकच प्रश्न छळतो. खोली उघडली म्हणून बायका मेल्या, तर पहिली का मेली? तेव्हा खोली रिकामीच असणार ना? नव्या कादंबरीत याचं उत्तर हवं.

अर्धविराम: नको हो! हल्ली प्रत्येक खलनायकाला दुःखी बालपण चिकटवायची साथ आलीय. याला बापाने चाबकाने फोडलं होतं वगैरे आलं की मी पुस्तक मिटणार. ती रिकामी खोली हीच तर खरी भीती. पेरोने ती तशीच सोडली, राहू द्या.

रातकिडा: त्याचं बालपण कोण मागतंय? मला त्या पहिलीबद्दल वाचायचंय. पेरोने तात्पर्य काय जोडलं, तर बायकांची उत्सुकता महागात पडते! खून याने केले आणि बोलणी तिला.

जुनी वही: तात्पर्यं दोन आहेत, सोयीचं तेवढं सांगू नका. दुसऱ्यात तो म्हणतो, असे नवरे आता उरले नाहीत. दाढी कुठल्याही रंगाची असो, घरात चालतं कोणाचं ते कळणं कठीण. सरळ चेष्टा आहे ती. शिवाय इंग्लिश लेखिका अँजेला कार्टरने १९७९ मध्येच, ही गोष्ट नव्याने लिहिताना, बायकोला वाचवायला तिच्या भावांऐवजी आईला घोड्यावरून पाठवलं, जावयाला गोळी घालायला. आता नवं काय उरलंय?

अर्धविराम: उरलंय की! मूळ गोष्टीत भाऊ त्याला मारतात, मग त्याच्याच पैशातून ती बहिणीचं लग्न लावते, भावांना कप्तानपद विकत घेऊन देते, स्वतः दुसरं लग्न करते. दोन ओळींत सगळं आटोपलं. पण ती खोली धुतली कोणी? त्यावर कादंबरी असेल तर मीही रांगेत.

रातकिडा: म्हणजे शेवटी तुम्हालाही उत्तरच हवंय.

अर्धविराम: उत्तर नको. बादली आणि फडकं हवंय.