मदत हवी आहे: शेडमध्ये एच९एन२ (बर्ड फ्लूचा एक प्रकार) निघालाय, शेजारी बदकं अन् डुकरं, विषाणू मिसळायचा धोका किती?

नमस्कार मंडळी, विट्याजवळ आमचं लेयरचं (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) शेड आहे. मध्यंतरी अंडी एकदम पडली, कोंबड्या घरघरायला लागल्या, थोडी मर पण झाली म्हणून सॅम्पल पाठवलं तर एच९एन२ आला. डॉक्टर म्हणाले हा सौम्य असतो, आणि आता मर थांबलीय हे खरं, पण माझी काळजी वेगळीच आहे.

फ्लूच्या विषाणूचे जीन्स आठ सुट्या तुकड्यांत असतात ना, मग एकाच पेशीत दोन विषाणू शिरले की तुकड्यांची अदलाबदल होते, हिशोबाने २५६ वेगवेगळे मेळ बसू शकतात. १९५७ आणि १९६८ च्या माणसांतल्या साथी अशाच मिसळणीतून आल्या. चीनमध्ये २०१३ ला जो एच७एन९ (माणसांना लागलेला बर्ड फ्लू) आला त्याचे आतले सहा जीन्स एच९एन२ कडूनच आलेले. म्हणजे कोंबडीला सौम्य म्हणून विषय संपत नाही! आपल्या मेळघाटातच २०१९ ला दीड वर्षाच्या आतल्या बाळाला एच९एन२ झाला होता, आणि एच५एन१ (कोंबड्यांना मारणारा बर्ड फ्लू) नवापूरला २००६ ला अन् परभणीकडं २०२१ ला येऊन गेलाय.

आमच्याकडं शेजारच्या वस्तीवरची बदकं मोकळी, ओढ्याला डुकरं, थंडीत मायणीच्या तलावावर बाहेरचे पक्षी, आणि शेडवरचा गडी ताप असला तरी कामाला येतो. यातलं आधी काय तोडू? आणि मिसळण झालीय का हे पीसीआरमधून (विषाणूचे जीन्स ओळखायच्या लॅब टेस्टमधून) कळतं का?

प्रतिसाद:
दादा, साध्या पीसीआरमध्ये फक्त एच कुठला एन कुठला (विषाणूच्या नावातले, त्याच्या बाहेरच्या दोन प्रथिनांचे प्रकार) एवढंच कळतं, आतले तुकडे कुणाचे ते बघायला पूर्ण जीनोम सिक्वेन्सिंग (आठही तुकडे अक्षरन् अक्षर वाचणं) लागतं. सॅम्पल भोपाळच्या पशुरोगांच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेकडं गेलं असेल तर पशुधन विकास अधिकाऱ्यांमार्फत लेखी विचारा. धोका जोखताना एकच बघायचं, दोन वेगळे विषाणू एका अंगात कुठं भेटू शकतात. डुकराला पक्ष्याचा पण लागतो आणि माणसाचा पण, म्हणून डुकरं शेडपासून लांबच पाहिजेत. तापातला गडी आत नको, त्याला दरवर्षी फ्लूची लस द्या. पण माझ्या मते पहिलं पाणी, कारण बदकं आजारी न दिसता विष्ठेतून विषाणू सोडत राहतात. शेडला पाणी बोअरचं आहे का ओढ्याचं, आणि क्लोरीन टाकता का? ते सांगा, मग पुढचं बोलू.