सक्तीच्या अपडेटनंतर यंत्र संगणकाला दिसेनासे झाले: अपडेट कायमचे बंद करावे का?

प्रश्न (कटिंगवाला)

स्टिकर आणि लेबले कापून देण्याचे माझे छोटे काम आहे. विनाइल कापणारा प्लॉटर चौदा वर्षांचा असला तरी आजही केसभर चुकत नाही. त्याला फक्त सिरियल पोर्ट (जुन्या पद्धतीची जोडणी) आहे, त्यामुळे संगणकाला जोडताना मध्ये यूएसबीचे कन्व्हर्टर लावावे लागते. गेल्या आठवड्यात एक मोठे काम रात्रभरासाठी लावून मी घरी गेलो. सकाळी येऊन पाहतो, तर पाते एका अक्षराच्या वेलांटीत थांबलेले आणि पडद्यावर नव्या सुविधांचे स्वागत! रात्री अपडेट उतरून संगणक आपोआप रीस्टार्ट झाला होता. रोल वाया गेला, तेही एक वेळ सोडून देऊ. परंतु तेव्हापासून प्लॉटर संगणकाला सापडतच नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, पोर्टपुढे पिवळा त्रिकोण दिसतो आणि पोर्टच्या नावाच्या जागी, ‘पीएल२३०३एचएक्सए २०१२ पासून बंद, विक्रेत्याशी संपर्क साधा’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आहे. विक्रेत्याशी संपर्क साधला, तेव्हा त्याने नवा प्लॉटर घ्या म्हणून सांगितले. अपडेट कायमचे बंद करून टाकणे योग्य ठरेल का?

उत्तर (जुना तंत्रज्ञ)

नवा प्लॉटर मुळीच घेऊ नका. तो संदेश प्लॉटरविषयी नाही. तो कन्व्हर्टरमधल्या प्रोलिफिक कंपनीच्या चिपविषयी आहे. त्या जुन्या चिपच्या नकला बाजारात इतक्या पसरल्या की कंपनीने नव्या ड्रायव्हरमधून (उपकरण संगणकाशी बोलते ते सॉफ्टवेअर) त्या चिपचा आधारच काढून घेतला, आणि त्यात नकली चिपबरोबर अस्सल जुनी चिपही अडकली. विंडोजने आपल्याला न विचारता तो नवा ड्रायव्हर बसवला, इतकेच घडले आहे.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टवर जाऊन ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडावे, संगणकावर आधीच असलेल्या ड्रायव्हरांची यादी उघडावी आणि त्यातील जुन्या तारखेचा ड्रायव्हर घ्यावा. २००८ सालचा ड्रायव्हर अशा चिपवर बहुधा चालतो. मात्र पुढच्या अपडेटमध्ये विंडोज तो पुन्हा बदलू शकते. विंडोजची प्रो आवृत्ती असल्यास ग्रुप पॉलिसी या सेटिंगमध्ये विंडोज अपडेटबरोबर ड्रायव्हर न घेण्याची सोय आहे, ती चालू करावी. त्याहून सोपा मार्ग म्हणजे चांगल्या चिपचे नवे कन्व्हर्टर घेणे.

यापेक्षा वाईटही घडलेले आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या दुसऱ्या चिप कंपनीचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपांचा ओळखक्रमांकच शून्य करून टाकला, म्हणजे ते उपकरण दुसऱ्या संगणकालाही ओळखू येईना. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. आपल्या कन्व्हर्टरमधली चिप अस्सल की नकली, हे सामान्य ग्राहकाला सहज कळत नाही. शिक्षा मात्र त्यालाच झाली.

उत्तर (हिशेबनीस)

वरील दुरुस्ती योग्य आहे, परंतु अपडेट कायमचे बंद करण्याच्या विचाराला माझा विरोध आहे. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस १२ मे २०१७ रोजी पसरला आणि ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच दिलेली होती. ज्यांनी ती दोन महिने बसवली नाही, त्यांच्यापैकी अनेकांच्या फायली कुलूपबंद झाल्या. ज्या संगणकावर ग्राहकांची बिले, बँकेचे व्यवहार आणि ईमेल आहेत, त्याचे अपडेट बंद ठेवणे म्हणजे दार उघडे टाकून झोपणे होय.

उत्तर (छपाई विभाग)

हिशेबनीस यांचे उदाहरण अर्धेच आहे. त्याच वर्षी २७ जून रोजी नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस युक्रेनमध्ये पसरला, तो एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. ज्यांनी ते अपडेट इमानेइतबारे घेतले, तेच प्रथम बुडाले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या अपडेटमधील एका सदोष फाइलमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपण मुद्दाम एक आवृत्ती मागे राहतो, असे समजून निर्धास्त असलेल्यांनाही ती फाइल मिळाली, कारण मागे राहण्याची सोय मूळ प्रोग्रॅमपुरती होती, रोजच्या माहिती-फाइलींना ती लागूच नव्हती.

प्रिंटरच्या फर्मवेअरचे, म्हणजे यंत्राच्या आत बसवलेल्या सॉफ्टवेअरचे, दुखणे तर वेगळेच आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी इतर कंपन्यांची कार्ट्रिजे एकाएकी नाकारली, आणि मे २०२३ मध्ये काही मॉडेल फर्मवेअर अपडेटनंतर निळ्या पडद्यावरच अडकून बसली. संगणकाला निदान जुन्या स्थितीत नेता येते. फर्मवेअर एकदा बसले की पुष्कळ यंत्रांत परतीचा रस्ता नसतो. म्हणून प्रिंटरमधील आपोआप अपडेटची सोय मी पहिल्याच दिवशी बंद करतो आणि त्याला बाहेरच्या इंटरनेटचा मार्गही देत नाही.

उत्तर (जुना तंत्रज्ञ)

दोघांचेही म्हणणे खरे आहे, म्हणूनच कामे दोन संगणकांवर विभागावीत. बिले, ईमेल आणि बँक ज्यावर आहेत, त्याला अपडेट वेळेवर घेऊ द्यावे. प्लॉटरसाठी एखादा जुना संगणक वेगळा ठेवावा, त्याला नेटवर्क देऊच नये आणि सगळे सुरळीत चालत असताना त्याच्या संपूर्ण डिस्कची प्रत काढून ठेवावी. फायली पेन ड्राइव्हने न्याव्यात. पण तो आधी पहिल्या संगणकावर व्हायरससाठी तपासून घ्यावा, नाहीतर नेटवर्क तोडून काय मिळवले?

दुसरा संगणक शक्य नसेल, तर निदान वेळ आपल्या हाती घ्यावी. विंडोजमध्ये अपडेट ३५ दिवसांपर्यंत थांबवता येते आणि ‘ॲक्टिव्ह अवर्स’, म्हणजे ज्या वेळेत विंडोज अपडेटसाठी आपोआप रीस्टार्ट होत नाही ते तास, जास्तीत जास्त १८ ठेवता येतात. आपले काम रात्रभर चालले होते, म्हणजे त्या तासांबाहेरच्या वेळेत ते सापडले असणार. मोठे काम लावण्याआधी अपडेट थांबवण्याची सवय लावावी.

प्रश्नकर्ता (कटिंगवाला)

सर्वांचे आभार. यादीतला जुना ड्रायव्हर निवडताच पिवळा त्रिकोण गेला. तरीही नवे कन्व्हर्टर आणले, आणि तेथे एक तास गेला: कटिंगचे सॉफ्टवेअर कॉम ३ वर प्लॉटर शोधत होते आणि नवे कन्व्हर्टर कॉम ७ वर जाऊन बसले होते. पोर्ट क्रमांक बदलल्यावर पाते हलले. माळ्यावरचा जुना संगणक आता फक्त प्लॉटरसाठी ठेवला असून त्याची नेटवर्कची वायर काढून टाकली आहे. वेलांटीत थांबलेले ते काम मात्र पहिल्या अक्षरापासून पुन्हा कापावे लागले. मधूनच पुढे चालू करण्याची सोय या प्लॉटरमध्ये नाही.