कविता जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला मराठी व्याकरण कसं शिकवू? मदत हवी आहे

मंडळी, थिओ लुट्झ या जर्मन माणसाने १९५९ साली झेड-२२ नावाच्या कॉम्प्युटरवर काफ्काच्या कादंबरीतले शब्द घेऊन वाक्यं जुळवली होती ना, तसलंच काहीतरी मराठीत करतोय, एआय वगैरे नाही, साधी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, शब्दांच्या याद्या आणि त्यातून रँडम निवड. पण बाहेर काय येतं तर "निळा नदी झोपला"! विशेषण-क्रियापदाची तीन-तीन रूपं भरून हे सुटेल कसंबसं, खरी डोकेदुखी सामान्यरूपाची (प्रत्यय लागण्याआधी नाम बदलतं ते रूप), "पाऊस"ला "आत" चिकटवलं की "पाऊसात" होतं, "पावसात" नाही. प्रत्येक नामाची रूपं हातानेच भरायची की नियम लिहून भागतं? कोणी केलंय का? (परवा मात्र "घड्याळ भिजलं, रस्ता हसला" आलं, ते वहीत उतरवून ठेवलंय.)