वारली चित्रं शिकवायची आहेत, पण आदिवासी मुलांकडे बोट न दाखवता. कसं करावं?

प्रश्न
सातवीचा वर्ग, पट ४०. तीन आदिवासी मुलांना बाकीची मुलं ‘जंगली’ म्हणून चिडवतात. वारली चित्रकलेचे चार तास घ्यायचा विचार आहे, पण त्यानं ती तिघं आणखी वेगळी पडतील का? शिवाय तांदळाचा रंग वाळला की कागदावरून पोपडे निघतात.

उत्तर १
ती मुलं वारलीच आहेत का? कातकरी किंवा ठाकर मुलाला ‘ही तुमची कला’ म्हटलं की सगळे आदिवासी सारखेच, हा समज आपणच पक्का करतो. मुलं वारली असली तरी ‘तुमच्यात कसं काढतात?’ असं उभं करून विचारू नका. माहिती शिक्षकानं द्यावी.

पहिल्या तासाला रंगाची काडी हातात नको. लग्नचौकाचं, म्हणजे वारली लग्नात भिंतीवर काढतात त्या चौकाचं, छायाचित्र दाखवा: तो सवाशिणी काढतात, मधे पालघाट देवी असते, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी पुरोहित स्त्री, गाणी म्हणते. तो विधीचा भाग आहे, म्हणून नक्षी म्हणून वहीत उतरवायला देऊ नका. मग वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (पद्मश्री २०११) यांच्याबद्दल सांगा. त्यांनी १९७०च्या दशकात लग्नविधीबाहेर, रोज चित्रं काढायला सुरुवात केली. आदिवासी चित्रकाराला नाव असतं, हे मुलांना कळणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

उत्तर २
पोपड्यांचं कारण बहुतेक वेळा घाई. रंग ओला असताना फिका, जवळजवळ पारदर्शक दिसतो, पांढरेपणा वाळल्यावर येतो. मुलं दिसत नाही म्हणून थरावर थर देतात आणि जाड थर तडकतो. एक रेघ, मग पाच मिनिटं हात बाजूला.

एक वाटी तांदूळ रात्रभर भिजवून बारीक वाटा, फडक्यातून गाळा, ताकाइतकं पातळ करा, त्यात दोन चमचे डिंकाचं दाट पाणी. डिंक विसरलात तर पातळ थरही झडतो. चित्रामागच्या तांबड्या रंगासाठी तीन चमचे गेरूला एक चमचा फेविकॉल, नाहीतर गेरू हाताला लागतो. बांबूच्या काडीचं टोक ठेचून घ्या.

उत्तर ३
विषय तारपा नाचाचा (तारपा वाद्याभोवती फेर धरून केलेला नाच) देऊ नका, सगळे एकच चित्र छापतात. ‘सकाळी सहा ते आठ आपल्या घरात कोण काय काम करतं’ हा विषय चाळिसांनाही द्या, त्रिकोण, वर्तुळ आणि रेषांत. चित्राखाली ‘वारली शैलीवरून’ लिहून घ्या, ‘वारली चित्र’ नाही.

आणि ९ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, मुलांना पानं गुंडाळून ‘आदिवासी’ नटवणं बंद करा. त्यातूनच तो ‘जंगली’ शब्द येतो. वर्गात तो ऐकू आला तर काम थांबवून तिथल्या तिथे बोला, चित्रांवर सोपवू नका.