विषय: घाटातली बोर्ड आणि ल्यूज सहल: उतार सापडला, थांबायचं कुठे?

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यातल्या शनिवार-रविवारसाठी रस्ता सापडला! डोंगराच्या मागच्या अंगाला जुना घाटरस्ता आहे. लांबी 2.3 किलोमीटर, उतार सरासरी 9 टक्के, पाच वळणं, डांबर गुळगुळीत, वर्दळ जवळजवळ नाहीच. खाली रस्ता थेट हमरस्त्याला मिळतो, त्यामुळे गाड्या लावणं आणि माणसं परत वर नेणं सोपं. आतापर्यंत 17 नावं आलीत: 11 जण उभ्याने स्केटबोर्डवर, चार ल्यूजवाले, दोघं "बघू". शनिवारी सराव, रविवारी सगळ्यांची मिळून एक मोठी फेरी. कुणाची हरकत नसेल तर याच आठवड्यात नक्की करून टाकतो.

*

प्रेषक: एक जुने सभासद

ल्यूज म्हणजे ते बर्फावरचं ना? मग बर्फ कोण आणणार, सहल समिती?

*

प्रेषक: ल्यूजवाले काका

समितीच्या पोराला आधी शाबासकी. रस्ता शोधायला तीन रविवार घालवलेस, ते सोपं नाही. पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य वाचून मी खुर्चीत ताठ बसलो: "खाली रस्ता थेट हमरस्त्याला मिळतो." तू ते सोय म्हणून लिहिलंस. माझ्या मते तेवढ्या एका गोष्टीसाठी हा रस्ता बाद करावा.

उतार शोधायला निघालेला माणूस डोंगरमाथ्यावर उभा राहून खाली बघतो. आपण तळाशी उभं राहून वर बघायचं. आधी थांबायची जागा पक्की करायची, मग तिथून मागे चालत जायचं, आणि ती जागा जेवढा वेग पचवेल तिथेच सुरुवातीची रेघ मारायची. डोंगर वर आणखी दोन किलोमीटर असला तरी असू दे, तो आपला नाही.

हिशोब सांगतो, म्हणजे म्हातारा घाबरवतोय असं वाटणार नाही. 9 टक्के उतारावर माणूस बोर्डवर ताठ उभा राहिला तर हवाच त्याला बऱ्यापैकी अडवते. तोच गुडघ्यात वाकून, हात पाठीशी घेऊन गेला तर ताशी 65-70 किलोमीटरपर्यंत सहज पोचतो. ल्यूजवाला उताणा झोपलेला, वाऱ्याला अंगच देत नाही, तो याच्याही बराच पुढे. आता हा वेग जिरवायचा कुठे? सगळ्यात भरवशाचा ब्रेक म्हणजे चढ. ताशी 60 चा वेग साधारण 14 मीटर उंची चढून संपतो. म्हणजे 7 टक्क्यांचा चढ असेल तर 200 मीटर रस्ता लागला. ताशी 80 असेल तर उंची 25 मीटर लागते. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट लागतं, हे शाळेत सगळ्यांनीच घोकलंय, पण घाटात कुणाला आठवत नाही. आणि तुझ्या रस्त्याच्या टोकाला चढ नाही, हमरस्ता आहे, त्यावर ट्रक आहेत.

माझा स्वतःचा सगळ्यात वाईट अपघात वळणावर झाला नाही. शेवटची रेघ ओलांडल्यावर झाला. एका मेळाव्यात आयोजकांनी रेघ फाटकापासून इतकी जवळ मारली होती की मी जिंकल्याच्या आनंदात दोन सेकंद पाय टेकवायचे विसरलो आणि फाटकात गेलो. ताशी 60 ला एका सेकंदात साडेसोळा मीटर जातात. मनगटातला खिळा अजून थंडीत आठवण करून देतो.

बर्फाचा प्रश्न विचारणाऱ्यांना: बर्फावरची ल्यूज 1964 पासून हिवाळी ऑलिंपिकमध्ये आहे. आपली ही तिची रस्त्यावरची चुलत बहीण. चाकं स्केटबोर्डची, अंग उताणं, पाय पुढे. लहानपणी ज्यांनी फळीला जुनी बेअरिंगं ठोकून गाडी केली असेल त्यांना अर्धी ल्यूज समजलीच म्हणा. ब्रेक नसतो. बुटाचे तळवे रस्त्यावर घासायचे, म्हणून तळव्याला जाड रबर चिकटवतात. वळायचं ते खांदे आणि कंबर झुकवून. 1975 ते 1978 या काळात कॅलिफोर्नियात सिग्नल हिलवर वेगाच्या शर्यती झाल्या, तिथून या खेळाची गोष्ट सुरू झाली असं समजतात. तो उतार भलताच तीव्र होता, आणि शेवटच्या वर्षी खेळाडूंबरोबर कडेला उभे असलेले बघेही जखमी झाले. मग सगळं बंद. आपल्याकडेही कडेला बघे असणार, त्यात निम्मी घरचीच माणसं.

*

प्रेषक: सहल समिती

काका, पटलं. थोडं मन खट्टू झालं, पण पटलं. दुसरा एक रस्ता आहे, मी तो "सपाट" म्हणून सोडला होता. 1.4 किलोमीटर, उतार 5-6 टक्के, तीन मोठी वळणं, आणि तळाशी ओढ्याचा पूल ओलांडला की रस्ता चांगला 300 मीटर वर चढत जातो. मजा येईल का एवढ्यात? विक्रमवाले ताशी 140 च्या वर जातात म्हणे.

*

प्रेषक: बोर्डवाली

जातात ना. 2017 मध्ये पीट कॉनॉलीने उभ्याने ताशी 146.73 किलोमीटर गाठले, क्वेबेकमधल्या ले-झेबुलमाँच्या उतारावर. पण तो बंद रस्ता, अंगाला घट्ट चामडी सूट, आणि मागे कित्येक वर्षांची मेहनत. आपल्यातल्या निम्म्यांना 40 ला स्लाइड मारता येत नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, आणि इथे तर गुडघ्याला पॅडही नाही! 6 टक्के म्हणजे वाकून गेलं की पन्नाशी गाठतो. पन्नास म्हणजे काय ते पहिल्या वळणावर कळेल.

उभ्याने जाणाऱ्यांसाठी माझा एकच आग्रह. शनिवारी सकाळी उताराच्या खालच्या भागात खडूने दोन रेघा मारूया. पहिल्या रेघेला हात टेकून स्लाइड सुरू करायची आणि दुसरीच्या आत पूर्ण थांबायचं. असं लागोपाठ तीनदा जमलं तरच वर जायचं. नाही जमलं तर अर्ध्यातून सुटायचं, त्यात लाज कसली. ज्यांना स्लाइड माहीत नाही त्यांच्यासाठी: पंज्याखाली प्लास्टिकची जाड चकती असलेला हातमोजा रस्त्याला टेकतात, बोर्ड आडवा फिरवतात, चाकं घसरतात आणि वेग मरतो. क्लिफ कोलमनने बर्कलीच्या टेकड्यांवर बसवलेली पद्धत, म्हणून कोलमन स्लाइड. घसरताना चाकं एका बाजूनेच झिजून चपटी झाली तर पुढे गाडी दगडावरून चालल्यासारखी खडखडते, म्हणून जास्तीचा एक जोड आणा.

आणि कृपा करून ट्रक बघा, म्हणजे बोर्डखालचे, चाकं बसवलेले धातूचे वळते आस. वेग वाढला की बोर्ड डाव्या-उजव्या बाजूला थरथरू लागतो, त्याला आपण वॉबल म्हणतो. निम्म्या वेळा कारण एकच: मागचा ट्रक पुढच्याइतकाच वळणारा, आणि माणूस घाबरून मागे झुकलेला. मागचा ट्रक कमी कोनाचा हवा, बुशिंग (ट्रकमधल्या रबरासारख्या गुंड्या) घट्ट हवी, वजन पुढच्या पायावर हवं. घाबरल्यावर पुढे झुकायचं, हे शरीराला पटतच नाही. तेच शनिवारी घोकायचं.

*

प्रेषक: एक आई

माझा मुलगा 14 वर्षांचा. दोन वर्षं बागेतल्या उतारावर खेळतोय, त्याला यायचंच आहे. सायकलचं हेल्मेट आहे त्याच्याकडे. चालेल का? आणि खरं सांगा, तुम्ही तुमच्या मुलाला पाठवाल?

*

प्रेषक: बोर्डवाली

ताई, सायकलचं साधं हेल्मेट नाही चालणार. ते हनुवटी उघडी ठेवतं, आणि बोर्डवरचा माणूस पुष्कळदा तोंडावरच पडतो. पूर्ण चेहरा झाकणारं हवं. एकदा जोरात आपटलेलं असेल तर बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्या. गुडघे, कोपरं, हातमोजे, जाड पँट, हे तर धरूनच चाला.

मी माझ्या भाच्याला पाठवलं असतं, पण उताराच्या शेवटच्या 300 मीटरवरच, आणि खडूची परीक्षा झाल्यावर. तो रुसला असता. रुसू दे. तुम्हीही या, वळणावर उभं राहायला माणसं हवीच आहेत.

*

प्रेषक: कार्यवाह

सप्रेम नमस्कार. रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी आणि रस्ता बंद ठेवण्याच्या वेळा हातात आल्याशिवाय ही सहल मंडळाची नाही. मंडळाचा विमा सभागृहातल्या कार्यक्रमांसाठी आहे, यासाठी वेगळा विचारतो आहे. त्या रस्त्यावर तीन घरं आहेत असं कळतं. त्यांना आधी जाऊन भेटावं, चिठ्ठी टाकून मोकळं होऊ नये.

*

प्रेषक: ल्यूजवाले काका

कार्यवाहांशी शंभर टक्के सहमत. रस्ता बंद नसेल तर मी ल्यूज गाडीतून काढणारसुद्धा नाही. उभा माणूस निदान दिसतो. मी रस्त्यापासून वीतभर वर झोपलेला, समोरच्या चालकाला बॉनेटपलीकडे दिसायचाच नाही.

"सगळ्यांची मिळून एक मोठी फेरी" हेही रद्द कर, बाळा. बोर्डवाले वळणाआधी स्लाइड मारून वेग तोडतात, ल्यूजवाले तिथेच जोरात येतात. त्यांना आम्ही दिसत नाही, आम्हाला त्यांचे घोटे दिसतात. वेगवेगळ्या फेऱ्या, आणि खालून "रस्ता मोकळा" असा आवाज वॉकी-टॉकीवर आल्याशिवाय वरचा एकही माणूस सुटायचा नाही. मोबाइलवर विसंबू नका, घाटात रेंज नसते. प्रत्येक वळणावर एक माणूस, आतल्या बाजूला. बाहेरच्या बाजूला उभं राहिलात तर घसरलेला माणूस थेट तुमच्याच अंगावर. बाहेरच्या बाजूला पेंढ्याचे गठ्ठे ठेवू.

पडलेल्याला धावत जाऊन उठवायचं नाही. मान दुखतेय म्हणाला, किंवा नीट बोलत नसेल, तर हेल्मेट काढायचं नाही, मान हलवायची नाही, रुग्णवाहिका बोलवायची. हे मी रविवारी सकाळी परत सांगेन, आणि सगळे कंटाळतील.

*

प्रेषक: सहल समिती

ठीक. नवा रस्ता, वेगळ्या फेऱ्या, खडूच्या रेघा. या शनिवारी सकाळी मी आणि काका तो रस्ता खालून वर पायी चालणार आहोत. कुणाला यायचं असेल तर या. पुलाच्या अलीकडे गुरं अडवायची लोखंडी जाळी आहे असं आत्ताच नकाशात दिसलं. काका?

*

प्रेषक: ल्यूजवाले काका

जाळी असेल तर सगळंच बदललं. पट्ट्यांमधल्या फटीत 70 मिलिमीटरचं चाक अडकलं की माणूस एकटाच पुढे जातो. जाळी आडवी आहे की बाजूने वाट आहे ते बघू. आडवी असेल तर थांबायची रेघ जाळीच्या वर, म्हणजे तळाचा चढ गेला, म्हणजे सुरुवात आणखी खाली. मोजपट्टी मी आणतो. लांब दांड्याचे दोन झाडू हवेत, वळणांवर खडी नक्की असणार.

*

प्रेषक: एक जुने सभासद

बर्फ नाही, पण झाडू आहे माझ्याकडे. एकच. घेऊन येतो.