सरांचं चित्र लिफ्टजवळ कुणी लावलं?

बी-२०३ वहिनी: सेक्रेटरी साहेब, एक विचारते. गणपतीच्या चित्रप्रदर्शनात आपल्या ड्रॉइंगच्या सरांचं वडगावच्या हातमागाचं चित्र लिफ्टजवळच्या भिंतीवर कुणी लावलं? ती भिंत जूनपासून ओली आहे, अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. आत्ता दूध आणायला खाली गेले तर काचेला आतून वाफ धरलीय.

सेक्रेटरी: वहिनी नमस्कार. पोरं रात्री बारापर्यंत राबलीत. सकाळी उठल्या उठल्या चूक काढायची म्हणजे कमाल आहे.

बी-२०३ वहिनी: राबलीत हो, नाही कोण म्हणतंय? पण ते वॉटरकलर आहे. कागद आहे तो, कॅलेंडर नव्हे.

सी-१०४: नव्या रंगाच्या भिंतीत २२ खिळे मारलेत. मी मोजलेत. पुट्टीचा खर्च कुठल्या खात्यातून?

ए-३०१ आजी: शुभ सकाळ. गणपती बाप्पा मोरया 🙏

बी-४०४: पाणी आलं का ओ बी विंगला?

सेक्रेटरी: पाण्याचं पाण्याच्या ग्रुपवर विचारा.

बी-४०४: त्या ग्रुपवर चित्रांचं चाललंय.

डॉक्टर ए-२०२: आणखी एक. दारातच दिवा घेतलेल्या बाईची प्रिंट लावलीय, खाली 'राजा रविवर्मा' लिहिलंय. ते आजच्या आज काढा. ते सावळाराम हळदणकरांचं आहे, आपल्या सावंतवाडीच्या. मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, मी उभा राहून बघितलंय.

मंडळ, सी-३०३: डॉक्टर, नेटवर रविवर्मा येतंय की.

डॉक्टर ए-२०२: नेटवर माझ्या दवाखान्याची वेळही चुकीची येते. पेशंट रविवारी येऊन बसतात. अरे, रविवर्मा १९०६ ला गेले. हे चित्र त्यानंतर ४० वर्षांनी काढलंय, तेही जलरंगात. दिवा हातात घेऊन उभी आहे ती हळदणकरांची स्वतःची मुलगी. त्या बाई कोल्हापुरात असत, २०१८ ला गेल्या, शंभरी ओलांडून.

ए-३०१ आजी: अगं बाई! आमच्या दिवाणखान्यात होतं ते. सासरे रविवर्माच म्हणायचे.

सी-४०२: पण विषय 'आपल्या भागातले चित्रकार' होता ना? सावंतवाडी बेळगाव भागात कधीपासून?

डॉक्टर ए-२०२: आंबोली उतरलं की सावंतवाडी. तुमचे आंबे कुठून येतात?

सी-१०४: २२ खिळे. पुट्टी. कुणी उत्तर देणार आहे का?

बी-२०३ वहिनी: आता बोलतेच. बॅनरवर सी-४०२ वाल्यांच्या फर्मचं नाव हाताएवढं आणि चित्रकारांची नावं मुंगीएवढी. तीही सगळ्यांची नाहीत. सरांचं तर नाहीच.

सी-४०२: वहिनी, बॅनरचे पैसे मी दिलेत. पेव्हर ब्लॉकचेही मीच दिले होते.

डॉक्टर ए-२०२: पेव्हर ब्लॉकचं नका काढू. सगळे गप्प बसलेत म्हणून विसरलेत असं नाही.

सी-४०२: _हा संदेश हटवला आहे._

बी-४०४: मी वाचला 😀

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, सणाचे दिवस आहेत. नावांचं असं झालं की फक्त मराठीत लावली तर कुणीतरी फोटो काढून टाकणार, कानडीत लावली तर आपलेच लोक बोलणार. पाटीवर ६० टक्के कानडी हवं असा नियम आहे.

डॉक्टर ए-२०२: तो दुकानांच्या पाट्यांना. आपल्या हॉलमधल्या चिठ्ठीला कसला नियम?

अण्णा ए-४०१: हौद्री, बरोबर आहे डॉक्टर. साहेब, मला नावं पाठवा की. कानडीत मी लिहून देतो, मराठी वहिनी लिहितील. दोन्ही एकाच कार्डावर. एवढ्यासाठी सरांचं नाव गाळलं व्हय?

सेक्रेटरी: गाळलं नाही अण्णा, राहिलं.

सर, तळमजला: नमस्कार. मुलाने आत्ता दाखवलं, म्हणून लिहितो. नावाचं राहू द्या. ते चित्र तेवढं आज उतरवा. घाईने फ्रेम उघडू नका, कागद काचेला चिकटला असेल तर रंग काचेवर येतो. मधे माउंटचा पुठ्ठा घातलेला आहे, त्यामुळे बहुधा वाचला असेल. पंख्याखाली किंवा उन्हात ठेवू नये, माझ्याकडे आणून द्यावं. टिपकागद आहे माझ्याकडे.

सर, तळमजला: बाकीच्या फ्रेमना मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा. भिंत आणि फ्रेम यात बोटभर हवा खेळली पाहिजे. आपल्या पावसात एवढं तरी करावंच लागतं. खिळेही लागत नाहीत. वर एक पाइप टाकून नायलॉनच्या दोरीने सोडलं असतं तरी चाललं असतं.

सी-१०४: बघा! खिळे लागतच नव्हते!!

मंडळ, सी-३०३: सर सॉरी. आम्हाला माहीत नव्हतं.

सर, तळमजला: अरे, तू माझ्याकडे ड्रॉइंगच्या लोअर ग्रेड परीक्षेला होतास. तुला माहीत असायला हवं होतं.

बी-४०४: 😀😀 हायर ग्रेडला नापास झालाय तो सर.

मंडळ, सी-३०३: तू बसलाच नव्हतास.

डॉक्टर ए-२०२: सर, तुम्ही चित्रमंदिर चित्रशाळेत के. बी. कुलकर्णींकडे शिकलात ना? त्यांचं काहीच कसं नाही हॉलमध्ये?

सर, तळमजला: दोन पावसाळे गेलो फक्त. पोर्ट्रेट करताना के. बी. कुलकर्णी मागे येऊन उभे राहायचे, आमचा ब्रश थांबायचा. चित्रकार रवी परांजपे आमच्या बऱ्याच आधीचे. ते तिथंच शिकले, मग मुंबई, नैरोबी, पुणे. २०२२ ला गेले. मुलांना एकदा वरेरकर नाट्य संघात न्या. के. बीं.च्या नावाचं दालन आहे, आपल्या टिळकवाडीतच. पोरं मॉलला जातात ती त्याच रस्त्यानं.

ए-३०१ आजी: सर, ते मागाचं चित्र मी काल बघितलं. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलाय तो बाप्या, डावा अंगठा वर उचललेला. आमचे दादा अस्सेच बसायचे. अंगठ्याला चिंधी बांधलेली असायची. ती तुम्ही कशी काढलीत?

सर, तळमजला: दिसली म्हणून काढली. मागाच्या पावट्या पायाने दाबून अंगठा सोलतो त्यांचा.

सी-४०२: बॅनर बदलतो. नवीन छापायला टाकलाय. फर्मचं नाव खाली, बारीक. खूश?

बी-२०३ वहिनी: छापायच्या आधी इथे टाका. 'मुखपृष्ट' छापून आलं होतं मागच्या स्मरणिकेत.

अण्णा ए-४०१: कार्डं झाली. सरांच्या चित्राला नाव काय लिहू?

सर, तळमजला: 'वडगाव, दुपार'.

सेक्रेटरी: ठीक. संध्याकाळी पाच वाजता हॉल उघडून सगळं नीट लावू. सर, तुम्ही या. बुचं कोण आणतंय?

डॉक्टर ए-२०२: माझ्याकडे आहेत. कसली ते विचारू नका.

सेक्रेटरी: हॉलची किल्ली कुणाकडे आहे? वॉचमन म्हणतो त्याच्याकडे नाही.

सेक्रेटरी: किल्ली कुणाकडे आहे??

सी-१०४: माझ्याकडे आहे. पुट्टीचं ठरलं की देतो.